नागपूरचं ऊन छतावरच अडवायला हवं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, रात्रीचे दहा वाजलेले. वरच्या खोलीत पलंगावर उभी राहून मी छताला तळहात लावला. ताप चढलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावल्यावर जसं वाटतं, अगदी तसं वाटलं. माझा भाचा एका कारखान्यात मेंटेनन्सचं काम बघतो. लांबूनच तापमान मोजणारं, बंदुकीसारखं दिसणारं एक यंत्र त्याच्याकडे असतं. ते त्याने छताकडे धरलं. आकडा आला ४१. सूर्य मावळून तीन तास झाले होते, गच्चीवर वाराही बरा सुटला होता, आणि खोलीत सासूबाई मानेवर ओला पंचा घेऊन बसून होत्या. पंखा पूर्ण वेगात फिरत होता आणि छताखालची गरम हवाच त्यांच्या अंगावर टाकत होता.

त्या रात्रीपासून मी हे भेटेल त्याला सांगत आले आहे. नागपुरात छताला उष्णतारोधक थर घालणं, ज्याला सगळे इन्सुलेशन म्हणतात, ही पैसेवाल्यांची हौस नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगशिवाय आपण घर पूर्ण झालं असं मानत नाही, तसंच याशिवायही मानता कामा नये. आणि ही गोष्ट ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, ती बांधकामाच्या नियमात यायला हवी.

नागपूरच्या उन्हाचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश. ३० मे २०२४ ला एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा दिवसभर फोनवर दुसरा विषय नव्हता. पुढे हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं, पण तोवर निम्म्या शहराने तो आकडा खरा मानला होता, कारण अंगाला तसंच जाणवत होतं. मात्र हे सगळे आकडे सावलीतल्या हवेचे असतात. हवामान खातं पारा उन्हात ठेवत नाही. आपलं छत दिवसभर उन्हात असतं. हवा ४५ अंशांवर असते तेव्हा काँक्रीटच्या उघड्या गच्चीचा पृष्ठभाग साठीच्या पुढे जातो. दुपारी वाळवण पालथं करायला अनवाणी गेलेल्या कुठल्याही बाईला हे थर्मामीटरशिवाय माहीत आहे.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष जात नाही. शहर साधारण २१ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २६ मेच्या आसपास दुपारी बाराच्या सुमारास सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. तो आपला शून्य सावलीचा दिवस. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो २५ मेला. म्हणजे वर्षातलं सगळ्यात कडक ऊन आणि सूर्याचं माथ्यावर येणं, दोन्ही एकाच आठवड्यात. अशा वेळी उत्तर-दक्षिणेच्या भिंतींवर ऊन जवळपास पडतच नाही, पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पडतं, आणि छत मात्र दिवसभर सोसत राहतं. खिडक्यांना जाड पडदे लावून, दारं बंद करून आपण बाजूंनी येणारं ऊन अडवतो. वरून येणाऱ्याचं काय?

एक ढोबळ हिशेब मांडते. छताचा वरचा पृष्ठभाग ६० अंश आणि खाली खोली ३५ अंश धरली, तर पाच इंची उघड्या स्लॅबमधून दर चौरस मीटरला सुमारे १०० वॅट उष्णता खाली उतरते. दहा बाय बाराची खोली म्हणजे अकरा चौरस मीटर. झाले अकराशे वॅट. हजार वॅटची कॉइलची शेगडी छताला उलटी टांगून, चालू करून, तिच्याखाली आपण झोपलो आहोत असं समजा. आता त्याच स्लॅबवर दोन इंच जाडीचा चांगल्या थर्मोकोलचा थर टाकला, तर तेवढ्याच फरकाला खाली येणारी उष्णता दीडशे-पावणेदोनशे वॅटवर येते. प्रत्यक्षात ऊन चढतं-उतरतं आणि स्लॅब तापायला वेळ घेतो, त्यामुळे आकडा तासातासाला बदलतो. पण प्रमाण हेच राहतं, सहा-सात पटींचं.

स्लॅब वेळ घेतो, यातच त्या रात्रीच्या ४१ अंशांचं उत्तर आहे. काँक्रीट उष्णता नुसती पुढे देत नाही, ती पोटात साठवतं. दुपारी घेतलेली उष्णता तीन-चार तासांनी खालच्या अंगाला पोचते आणि मग मध्यरात्रीपर्यंत झिरपत राहते. टिनाच्या घरात उलट होतं. पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, अडवणं नाही की साठवणं नाही. सकाळी दहालाच तो तापतो आणि रात्री लवकर निवतो. टिनाखालच्या माणसाला दिवस जगू देत नाही, स्लॅबखालच्या माणसाला रात्र. उष्माघाताचं बोलताना आपण नेहमी दुपारच्या उन्हाचं बोलतो, कांदा खिशात ठेवा, दुपट्टा बांधा, पन्हं प्या. ते बरोबरच आहे. पण दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवायला मिळालं नाही, की दुसऱ्या दिवशीचं ऊन त्याला जास्त भोवतं. म्हातारी माणसं, तान्ही बाळं, मधुमेहाची आणि हृदयाची औषधं घेणारे यांच्यासाठी झोपायच्या खोलीचं छत हा औषधाइतकाच महत्त्वाचा विषय आहे.

यावर इथलं ठरलेलं उत्तर म्हणजे कूलर. कूलरबद्दल मी वाईट बोलणार नाही. एप्रिल लागला की चौकाचौकात कूलरच्या जाळ्या, म्हणजे ताट्या, भरून देणारे बसतात, वाळ्याचा पहिला ओला वास घरात येतो, तो वास म्हणजे आमच्यासाठी सुटीची सुरुवात. पण कूलरचं सगळं बळ कोरड्या हवेवर आहे. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून झोत गार लागतो. जूनमध्ये दोन सरी पडल्या, हवा दमट झाली, की तोच कूलर अंग चिकट करतो. स्लॅब मात्र तेव्हाही तापतच असतो. शिवाय मोठ्या कूलरला दिवसाला पन्नास-शंभर लिटर पाणी सहज लागतं, आणि ज्या वस्त्यांत टँकरची वाट बघावी लागते तिथे हे पाणी पिण्याच्या पाण्यातून काढावं लागतं. एसीचं गणित वेगळं, पण दिशा तीच. छतातून आलेली उष्णता तो बाहेर काढतो आणि शेजारच्या खिडकीपाशी सोडतो. त्याला लागणारी वीज करायला शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्यात कोळसा जळतो. घरात उष्णता येऊ द्यायची आणि मग ती पैसे भरून बाहेर काढायची, हे आपण वर्षानुवर्षं करत आलो आहोत.

मी हे बोलते तेव्हा हमखास एक शंका निघते. इन्सुलेशन थंड देशांसाठी असतं, आपल्याकडे त्याने घर आणखी कोंडेल. शंका प्रामाणिक आहे. तिचं उत्तर उन्हाळ्यात बर्फगोळेवाल्याकडे मिळतं. बर्फाची लादी तो भुशात ठेवतो, वर गोणपाट टाकतो. भुसा गरम नसतो आणि गारही नसतो. त्याच्या कणांत अडकलेली, न हलणारी हवा बाहेरची उष्णता बर्फापर्यंत पोचू देत नाही, एवढंच. हिवाळ्यात गोधडी हेच काम उलट्या बाजूने करते. थर्मोकोल, काचेच्या तंतूंचं ग्लासवूल, दगडाच्या तंतूंचं रॉकवूल, एएसी ब्लॉक नावाच्या हलक्या विटा, या सगळ्यांचं मर्म कोंडलेल्या हवेत आहे. एएसी ब्लॉक भाजलेल्या विटेपेक्षा चौपटीने उष्णता अडवतो, कारण तो आतून पावासारखा सच्छिद्र असतो. तो ज्या राखेपासून होतो, ती राख कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्यांखाली डोंगराएवढी पडली आहे. आणि थंडीचंच म्हणाल, तर २९ डिसेंबर २०१८ ला याच शहरात पारा ३.५ वर गेला होता. ४७.९ आणि ३.५, दोन्ही बघितलेल्या गावाला छतावर गोधडी नको असं कसं म्हणता येईल?

कोंडण्याची भीती मात्र पूर्ण खोटी नाही. इन्सुलेशन केलेल्या घरात रात्री खिडक्या उघडल्या नाहीत, तर माणसांची, स्वयंपाकाची, फ्रिजची उष्णता आतच राहते. रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, सकाळी ऊन चढायच्या आत बंद करायच्या, ही आजीच्या काळची शिस्त पाळावीच लागते. तिच्याकडे हत्यारंही चांगली होती. माझ्या माहेरी दीड-दोन फूट मातीच्या भिंती होत्या आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. एकावर एक ठेवलेल्या कवेलूंमधल्या फटींतून गरम हवा वर निघून जायची, खाली माळा होता, त्यात गवत भरलेलं. आम्ही माळ्याखाली जमिनीवर दुपारभर झोपायचो. तिकडे परत जा असं मी म्हणत नाही. दर वर्षी कवेलू फेरायला माणूस शोधायचा, वानरांनी फोडलेले मोजायचे, पावसात घरभर भांडी मांडायची, हे सगळं मी केलं आहे. पण त्या छतात जे तीन-चार थर होते ते आपण काढून टाकले आणि त्यांच्या जागी एकच थर ठेवला, काँक्रीटचा किंवा टिनाचा. पक्कं घर मिळालं. ऊन अडवणारं काही त्यात उरलं नाही.

आता जे मी करून बघितलं ते. पुढच्या फेब्रुवारीत दोन खोल्यांवरच्या छताचं, साधारण तीनशे चौरस फुटांचं काम काढलं. मिस्त्री आमचा जुना माणूस. सामान उतरवताना म्हणाला, ‘‘ताई, हे थर्मोकोल कायले टाकून राहिल्या? एवढ्या पैशात एसी येते ना.’’ खरंच होतं, खर्च दीड टनी एसीएवढाच आला. आधी स्लॅब घासून धुतला, भेगा भरल्या, वॉटरप्रूफिंग केलं. त्यावर दोन इंची बोर्ड, सांध्यावर सांधा येणार नाही असे विटांसारखे सरकवून लावले. टीव्हीच्या खोक्यातलं थर्मोकोल इथे चालत नाही, ते पायाखाली चुरतं. घनमीटरला तीस-पस्तीस किलोचं घट्ट लागतं, किंवा एक्सपीएस नावाचे रंगीत बोर्ड मिळतात ते. त्यावर प्लास्टिकचा कागद, जाळी, मग दोन इंच काँक्रीट, पाण्याच्या पाइपाकडे उतार काढून. शेवटी चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. पांढरा रंग ऊन परत फेकतो आणि त्यातून उरलेलं खालचा थर अडवतो. नुसता पांढरा रंग लावला तरी फरक पडतो, पण नागपूरच्या धुळीत तो दोन उन्हाळ्यांत मळतो.

हा थर स्लॅबच्या वर असणं महत्त्वाचं आहे. बरेच जण खालून फॉल्स सिलिंग करून घेतात. त्याने थोडं बरं वाटतं, पण स्लॅब वरून तापतच राहतो, रोज फुगतो-आकसतो, त्याला केसासारख्या भेगा जातात आणि जुलैत तिथून ओल येते. वरून झाकलेला स्लॅब सावलीत बसल्यासारखा राहतो, गळतीचं निम्मं दुखणं तिथेच कमी होतं. आणि आगीचं विसरू नये. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ माणसं गेली. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला लावलेल्या ज्वालाग्राही आवरणातून आग वर चढत गेली होती. दोन इंच काँक्रीटखाली गाडलेलं थर्मोकोल आणि टिनाखाली, गॅसच्या शेगडीच्या वर उघडं चिकटवलेलं थर्मोकोल यात जीवन-मरणाचा फरक आहे. टिनाच्या घरात लावायचंच तर न जळणारं रॉकवूल, आणि तेही खालून झाकून.

त्या मे महिन्यात, त्याच आठवड्यात, रात्री दहाला भाच्याने पुन्हा यंत्र धरलं. ३६. पाच अंशांचा फरक सांगायला छोटा वाटतो. सासूबाई त्या रात्री आडव्या झाल्या आणि झोपल्या, पंचा दोरीवर कोरडाच राहिला.

एवढं साधं असेल तर सगळे का करत नाहीत? कारण छत ठरवणारा एक असतो आणि त्याखाली तापणारा दुसरा. बिल्डर फ्लॅट विकून मोकळा होतो, वरच्या मजल्याचं विजेचं बिल त्याला कधीच दिसत नाही. विकत घेणारा टाइल्स बघतो, मॉड्युलर किचन बघतो, आणि बघायला येतो तोही बहुधा दिवाळीच्या सुमारास. घरमालक भाडं घेतो, ऊन भाडेकरू खातो. आमचा मिस्त्री मेमध्ये टाकीच्या कामाला आला होता. वरच्या खोलीत बसून त्याने पाणी प्यायलं, छताला हात लावून बघितला आणि विचारलं, ‘‘आमच्या टिनाले होते का हे?’’ होतं म्हटलं. तर म्हणाला, ‘‘घर भाड्याचं आहे न ताई. मालक म्हणते, गरम होते तर तूच लाव. मी लावीन, अन् पुढच्या साली त्यानं खाली कर म्हटलं तर?’’

त्याच्या या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका घराच्या शहाणपणाने ते सुटणारही नाही. जिथे निर्णय एकाचा आणि त्रास दुसऱ्याचा असतो, तिथे नियम लागतो. जिन्याला कठडा, लिफ्टला तपासणी, गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण या गोष्टी आपण कुणाच्या चांगुलपणावर सोडल्या नाहीत. मापही नव्याने शोधायचं नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता काढली. छतातून उष्णता किती सहज जाते ते मोजणारा यू-व्हॅल्यू नावाचा आकडा १.२ च्या वर जाऊ नये, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. पाच इंची उघड्या स्लॅबचा आकडा साडेतीनच्या आसपास असतो. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा धरला तरी तो दोनाच्या वर राहतो. आणि दोन इंच सोडा, नुसत्या एक इंच चांगल्या थर्मोकोलने तो १.२ च्या आत येतो. एक इंच! घराच्या एकूण खर्चात हा पैसा शोधावा लागेल इतका कमी आहे, आणि बांधतानाच केलं तर मजुरीही वेगळी लागत नाही. माझ्या घराचा नकाशा मंजूर झाला, बांधकाम तपासून झालं, बँकेचा माणूस दोनदा येऊन गेला. छताच्या या आकड्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ धोरण आणलं. सरकारी आणि व्यापारी इमारतींना, आणि सहाशे चौरस यार्डांपासून पुढच्या भूखंडांवरच्या घरांना ऊन परतवणारं छत त्यात बंधनकारक आहे. हैदराबादचा उन्हाळा नागपूरपेक्षा सौम्य असतो. तिथे जे होऊ शकतं ते इथे का नाही? उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, म्हणजे दुचाकीवाल्यांना उन्हात ताटकळावं लागू नये. त्यामागची माया मला मनापासून आवडते. पण सिग्नलवरचं ऊन दोन मिनिटांचं असतं, छताखालचं रात्रभराचं.

म्हणून मागणं असं. नव्या नकाशाला मंजुरी देताना छताचा आकडा विचारा आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी तो थर प्रत्यक्ष बघा. सरकारी पैशातून जी घरकुलं होतील त्यांच्या निविदेतच तो लिहा, कारण तिथे राहायला जाणाऱ्याकडे नंतर करायला पैसे नसतात. भाड्याच्या टिनाच्या घरांसाठी वेगळी वाट काढावी लागेल. मालक करत नसेल तर महापालिकेने वस्तीच्या वस्ती हाती घेऊन पत्र्यांना वरून ऊन परतवणारा पांढरा रंग द्यावा. घर भाड्याचं की मालकीचं हे विचारूच नये, कारण ऊन ते विचारत नाही. मुकादमाने रंगाचा हिशेब ठेवावा एवढंच हे काम आहे, त्याला परदेशी सल्लागार लागत नाही.

आणि सुरुवात शाळा आणि अंगणवाड्यांपासून. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, मार्च-एप्रिलमध्ये त्या सकाळच्या होतात. तरीही साडेदहा-अकराला टिनाखालच्या वर्गात पोरांचे केस घामाने कपाळाला चिकटलेले असतात. आमच्या घराजवळच्या अंगणवाडीवर पत्रे आहेत. आत तीन-चार वर्षांची वीसेक लेकरं आणि मधोमध एक पंखा. त्या पत्र्यांवर दोन हात पांढरा रंग मारायला दोन माणसांना एक दिवस पुरेल. गुढीपाडव्याच्या आत तो लागला, तर या वर्षीचा एप्रिल त्यांना थोडा सोसवेल.